पाण्याच्या वहीतला आकडा

वॉकर्टन हे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं, सॉगीन नदीकाठचं गाव. वस्ती सुमारे ४,८००. आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. भोवती शेती आणि गुरांचे गोठे. गावाला पाणी कूपनलिकांचं. मे २००० मध्ये तिथे चार-पाच दिवस जोराचा पाऊस झाला. जवळच्या शेतात खत म्हणून पसरलेल्या शेणातले जंतू त्या पावसाबरोबर जमिनीत उतरले आणि पाच नंबरच्या कूपनलिकेत पोचले. ती जेमतेम १५ मीटर खोल. वर मातीचा पातळ थर आणि खाली भेगाळलेला खडक. पाणी गाळून घ्यायला जमिनीला वावच नव्हता. पुढच्या काही आठवड्यांत २,३०० हून अधिक माणसं आजारी पडली. सात दगावली. काही मुलांच्या मूत्रपिंडांना कायमची इजा झाली.

या घटनेची चौकशी न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी केली. त्यांचा अहवाल २००२ साली आला. सार्वजनिक पाण्याशी ज्याचा कुठूनही संबंध येतो, त्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. ज्याच्या शेतातून जंतू आले, त्या शेतकऱ्याला ओकॉनर यांनी दोष दिला नाही. त्याने खत नियमाप्रमाणेच वापरलं होतं. पावसालाही दोष देता येत नव्हता. मग प्रश्न उरला पाणी पुरवणाऱ्यांचा.

गावाचा पाणीपुरवठा कोबेल आडनावाचे दोन भाऊ पाहत होते. स्टॅन व्यवस्थापक, फ्रँक त्याच्या हाताखालचा मुकादम. दोघेही तिथलेच. कामावर राहून शिकलेले, परीक्षा न देता अनुभवाच्या जोरावर प्रमाणपत्र मिळालेले. रोजचं त्यांचं काम अवघड नव्हतं. पाण्यात क्लोरीन सोडायचं, थोड्या वेळाने त्यातलं किती शिल्लक आहे ते मोजायचं आणि तो आकडा तक्त्यात लिहायचा. ते मोजत नव्हते. आकडा मात्र रोज लिहीत होते, बहुतेक वेळा ०.५ किंवा ०.७५. हे वर्षानुवर्षं चालू होतं. तपासणीसाठी नमुने घेतानाही एकाच सोयीच्या जागेचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि चिठ्ठ्या निरनिराळ्या ठिकाणांच्या लावायच्या, असा प्रकार होई.

आता त्या मे महिन्याकडे येऊ. १७ मे रोजी खासगी प्रयोगशाळेने स्टॅनला फॅक्सने कळवलं की पाण्यात जंतू सापडले आहेत. १९ मे रोजी शेजारच्या ओवेन साउंड शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना रक्ताचे जुलाब होणारी मुलं पाहून शंका आली, आणि त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं. खात्याने स्टॅनला फोन केला. त्याने सांगितलं, पाणी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारल्यावर पुन्हा तेच. इकडे तो गुपचूप वाहिन्यांमध्ये भरपूर क्लोरीन सोडत होता. अखेर २१ मे रोजी आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला. दुसऱ्या दिवशी पहिला मृत्यू झाला. त्यानंतरही तक्ता बदलून लिहिला गेला.

हे वाचताना आपला संताप १९ मेच्या फोनवर एकवटतो. मुलं रुग्णालयात आहेत, जंतू सापडल्याचा कागद हातात आहे, आणि माणूस म्हणतो पाणी ठीक आहे! पण ओकॉनर यांनी थंड डोक्याने हिशेब मांडला. १९ मे रोजी स्टॅन खरं बोलला असता, तर ३०० ते ४०० माणसांचा आजार टळला असता. मृत्यू मात्र टळले असते असं दिसत नाही. तोवर उशीर झाला होता. घात झाला होता त्याच्या आधी. १२ मेच्या पावसानंतर कुणी खरोखर मोजलं असतं, तर शिल्लक क्लोरीन जवळजवळ नाहीच असं दिसलं असतं, आणि साथीचा बराच मोठा भाग रोखता आला असता. त्या दिवसांच्या पाच नंबरच्या तक्त्यावर आकडा होता ०.७५.

या निष्कर्षाने मी अनेकदा अस्वस्थ झालो आहे. खोटेपणाविषयी आपली जी समज असते, तिला तो धक्का देतो. संकटाच्या वेळी, प्रश्न समोर उभा असताना बोललेलं खोटं आपण पाप मानतो. कुणी विचारलेलं नसताना, कुणाचं काही बिघडत नसताना, रोजच्या कंटाळ्यातून लिहिलेला आकडा आपल्याला फार तर आळस वाटतो. वॉकर्टनमध्ये जास्त नुकसान त्या आळसाने केलं.

शिल्लक क्लोरीन म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं तर यातलं गांभीर्य कळतं. पाण्यात टाकलेलं क्लोरीन जंतू मारण्यात आणि पाण्यातल्या घाणीवर खर्च होतं. खर्च होऊन जे उरतं ते वाहिनीत पुढे पहारा देत जातं. पाणी अचानक घाण झालं, तर नेहमीचंच क्लोरीन टाकूनही शिल्लक काही राहत नाही. म्हणून तो आकडा एकाच वेळी औषधही सांगतो आणि धोकाही सांगतो. प्रयोगशाळेतून जंतूंचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात. हा आकडा जागच्या जागी, काही मिनिटांत कळतो. लहान गावाकडे धोक्याची इतकी स्वस्त आणि इतकी लवकर मिळणारी दुसरी खूण नसते. खोटा आकडा लिहिणाऱ्याने ती खूणच पुसून टाकलेली असते. आणि ३६५ दिवसांपैकी ३६० दिवस त्याचं काही बिघडत नाही, कारण पाणी खरोखरच बरं असतं. बिघडत नाही म्हणून सवय लागते.

आपल्या गावांना ही तपासणी अनोळखी नाही. टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकायची, अर्धा तास थांबायचं, मग पाणी सोडायचं, आणि शेवटच्या टोकाच्या नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) या रसायनाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. भारतीय मानकानुसार लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर हा हिशेब जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला, पाठ असतो. पण पोतं महिनोन्‌महिने ओलसर खोलीत, तोंड उघडं ठेवून पडलं असेल, तर त्या पाच ग्रॅममध्ये क्लोरीन उरलेलं नसतं. म्हणजे पावडर टाकली ही नोंद खरी असूनही पाणी सुरक्षित नसू शकतं. ते फक्त ओ.टी.च्या थेंबांनाच कळतं. थेंबांच्या नोंदीची वही असते. एकाच पेनाने, एकाच बैठकीत महिनाभराचे आकडे उतरवलेत हे नजरेला लगेच कळावं, अशा वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या एकाही गावात तेव्हा साथ आलेली नव्हती.

साथ येते तेव्हा काय होतं, हे पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिलं. सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नव्याने महापालिकेत आलेल्या गावांच्या भागात, गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. हात-पाय लुळे पडलेली, काही तर कृत्रिम श्वासावर ठेवावी लागलेली माणसं. अनेकांना आधी जुलाब झाले होते. काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे, विहिरीकडे वळला. वॉकर्टनच्या पाण्यात ई. कोलायच्या घातक प्रकाराबरोबर हाच जंतू होता. क्लोरीनपुढे तो फार टिकत नाही. त्यामुळे पुण्यातही विचारायचा पहिला प्रश्न तोच होता: क्लोरीन होतं का?

मी कोबेल बंधूंची बाजू घेत नाही. २००४ साली दोघांनी गुन्हा कबूल केला. एकाला एक वर्षाचा तुरुंगवास झाला, दुसऱ्याला नऊ महिने घरात स्थानबद्ध राहण्याची शिक्षा झाली. पण चौकशीत निघालेली एक गोष्ट त्यांच्याइतकीच आपल्यालाही उद्देशून आहे. ते दोघे स्वतः कूपनलिकेवरचं क्लोरीन नसलेलं पाणी आवडीने पीत असत. गावातले लोक क्लोरीनच्या चवीबद्दल तक्रार करत, आणि ती तक्रार ऐकून हे क्लोरीन कमी सोडत. गावकऱ्यांना खूश ठेवण्याची ही धडपड होती. आपल्याकडे कुठल्याही नळावर उभं राहा, तेच ऐकू येईल: आज पाण्याला पावडरचा वास येतोय, चहा बिघडला. सरपंचाला फोन जातो, सरपंच पाणी सोडणाऱ्याला झापतो, आणि दुसऱ्या दिवशी पावडर कमी पडते. वास आला नाही म्हणून आजवर कुणी फोन केल्याचं मी ऐकलेलं नाही. पाणी सोडणारा माणूस हे बरोबर शिकतो. तुटपुंज्या मानधनावर, पहाटे चारला व्हॉल्व्ह फिरवायला जाणाऱ्या त्या माणसाला क्लोरीन टाकल्याबद्दल शिव्या मिळतात आणि न टाकल्याबद्दल काहीच होत नाही.

वरच्या पायऱ्यांवरही तसंच. वॉकर्टनच्या आधीच्या काही वर्षांत ओंटारिओच्या सरकारने खर्चकपात म्हणून पर्यावरण खात्याची माणसं मोठ्या प्रमाणावर कमी केली होती. १९९६ मध्ये गावांच्या पाण्याची तपासणी सरकारी प्रयोगशाळांनी थांबवली आणि ती खासगी प्रयोगशाळांकडे गेली. पण दूषित अहवाल आला तर आरोग्य अधिकाऱ्यालाही कळवावं, असं बंधन त्या प्रयोगशाळांवर कायद्याने घातलं नव्हतं. म्हणून १७ मेचा तो फॅक्स ज्याचं काम तपासायचं, त्याच्याच टेबलावर पडला आणि तिथेच राहिला. खात्याचे निरीक्षकही अधूनमधून येऊन गेले होते. दिवसामागून दिवस तेच दोन आकडे दिसूनही कुणी थांबून विचारलं नाही की पाऊस असो वा उन्हाळा, पाणी इतकं शिस्तीत कसं वागतं? सगळ्यांनाच भरलेला तक्ता हवा होता.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीप्रमाणे लाल, पिवळं आणि हिरवं कार्ड देण्याची पद्धत आहे. कल्पना चांगली आहे. पण लाल कार्ड म्हणजे नाचक्की, असं झालं की धोका दूर करण्यापेक्षा कार्डाचा रंग सुधारण्याकडे लक्ष जातं. ओ.टी.च्या वहीचंही तेच. शून्य लिहिलं की खुलासा मागतात, ०.२ लिहिलं की सही करतात. मग खरं कोण लिहील? खरी नोंद मागायची असेल, तर वाईट नोंद आणणाऱ्याला आधी अभय द्यावं लागतं. शून्य दिसल्यावर तासाभरात कुणाला फोन करायचा, नवी पावडर कुठून आणायची, पाणी सोडणं थांबवायचा अधिकार कुणाचा, हे आधीच ठरलेलं हवं. ते ठरलेलं नसताना प्रामाणिकपणाची सगळी जोखीम गावातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसावर पडते, आणि हा अन्याय आहे असं मला वाटतं.

वॉकर्टनमध्येही एकाने तोंड उघडलं होतं. त्याच पाणीपुरवठा कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने २० मे रोजी, नाव न सांगता, पर्यावरण खात्याच्या दूरध्वनी केंद्राला कळवलं की अहवाल वाईट आला आहे. पाच हजाराच्या गावात आपल्या वरिष्ठाविरुद्ध असं बोलणं सोपं नसतं. उद्या त्याच माणसाबरोबर काम करायचं असतं, त्याच दुकानात समोरासमोर यायचं असतं. त्याने नाव लपवलं म्हणून मी त्याला उणं मानत नाही. उलट, आपल्याकडचा एखादा जलसुरक्षक किंवा पंपचालक असाच अस्वस्थ झाला, तर त्याने कुठे फोन करायचा, याचं उत्तर मला पटकन देता येत नाही, याची खंत वाटते.

ओंटारिओने नंतर कायदा बदलला. २००२ च्या पिण्याच्या पाण्याच्या कायद्याने प्रयोगशाळांना वाईट अहवाल ताबडतोब आरोग्य अधिकाऱ्याला कळवणं सक्तीचं केलं, पाणी चालवणाऱ्यांना प्रशिक्षण आवश्यक केलं, आणि पुढे गावाच्या लोकप्रतिनिधींवरही पाण्याबाबत काळजी घेण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली. जाणते लोक नेमले आहेत, ते बघतील, असं म्हणून हात झटकायची सोय उरली नाही. २००४ मध्ये वॉकर्टनमध्येच लहान गावांच्या पाणी कर्मचाऱ्यांना शिकवणारं केंद्र उभं राहिलं. आपल्याकडे जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवावं अशी योजना आहे. या बायकांच्या हातात तपासणीची पेटी आहे, पण त्यांनी काढलेला आकडा ग्रामपंचायतीच्या वहीशेजारी ठेवून कुणी पाहतं का? दोन वेगळ्या हातांनी लिहिलेल्या नोंदी शेजारी ठेवणं, एवढं तरी पैशांशिवाय होण्यासारखं आहे.

१५ ऑगस्टची ग्रामसभा भर पावसाळ्यात येते. त्या दिवशी रस्ते, गटारं, घरकुलं यांच्या यादीत पाण्याची वहीही मागा. गाव नगरपंचायतीचं असेल तर नगरसेवकाकडे मागा. जून-जुलैची पानं उघडा आणि पाणी सोडणाऱ्याला शेजारी बसवून घ्या. एखाद्या दिवशी शून्य लिहिलेलं दिसलं, तर त्या दिवशी त्याने पुढे काय केलं ते विचारा, आणि विचारताना आवाज चढवू नका. सबंध पावसाळ्यात एकदाही शून्य नसेल, रोज ०.२ च असेल, तर मात्र नळी आणि थेंबांची बाटली मागवून घ्या आणि शाळेच्या नळाचं पाणी सर्वांसमोर तपासा.