दुखण्याच्या तपासणीतला राहून गेलेला प्रश्न

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्यांचा दाहक संधिवात बहुतेकांना विशी-तिशीत गाठतो. पंचेचाळिशीनंतर तो सुरू झाल्याचे क्वचितच दिसते. म्हणजे लग्न, सहजीवन, मूल यांचे निर्णय ज्या वयात होतात, त्याच वयात कंबर आखडते. हे दुखणे पडून राहिल्याने वाढते आणि हालचालीने कमी होते. उत्तररात्री कंबर-कुल्ले ठणकून जाग येते, सकाळी अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ पाठ सरळ होत नाही. जोडप्याला एकांत मिळतो तो बहुधा रात्रीच, आणि या आजारात शरीर सर्वात कमी साथ देते तेही रात्री नि पहाटे. तरीही लैंगिक आयुष्याचा विषय ओपीडीत सहसा निघत नाही. माझे म्हणणे असे की, ही चौकशी उपचाराचाच भाग आहे आणि ती सुरू करण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे.

रोग मोजण्याच्या साधनांकडे पाहिले की ही उणीव स्पष्ट होते. इंग्लंडमधील बाथ येथे तयार झालेली आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेली ‘बासफी’ ही प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. मोजे घालता येतात का, जमिनीवर पडलेले पेन वाकून उचलता येते का, कठड्याचा आधार न घेता बारा-पंधरा पायऱ्या चढता येतात का, असे दहा प्रश्न तिच्यात आहेत. शरीरसंबंधांविषयी एकही नाही. पुढे ‘असास’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने आरोग्याचा जो १७ विधानांचा निर्देशांक केला, त्यात मात्र केस धुणे, झोप, थकवा यांच्या जोडीला कामेच्छा कमी होण्याचाही समावेश आहे. तज्ज्ञांनी ही बाब आरोग्याच्या मोजमापात घेतली. आपल्या तपासणीच्या खोलीपर्यंत ती अजून पोचायची आहे.

विचारायचे कशासाठी? कारण तक्रार एक दिसली तरी कारणे वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे. या आजाराच्या पुरुषांमध्ये ताठरतेच्या तक्रारी इतरांपेक्षा अधिक आढळतात, स्त्रियांना संबंधांच्या वेळी वेदना होतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. नैराश्य आणि रोगाची तीव्रता यांच्याशी त्याचा संबंधही आढळला आहे. खुब्याचा सांधा धरला असेल तर मांड्या फाकवणेच कठीण होते. कधी मूळ थकव्यात असते, तर कधी नैराश्यावरच्या गोळीत. सल्फासॅलाझिनमुळे शुक्राणूंची संख्या घटते, पण औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ती पूर्ववत होते. हे न सांगितल्यास मूल होत नाही म्हणून जोडपे उगाच खचते, किंवा रुग्ण परस्पर औषध सोडतो आणि दाह उसळतो. रोग आटोक्यात आणणे, वेदनाशामकाची वेळ बदलणे, गरम पाण्याने अंघोळ, कुशीवरची स्थिती, समुपदेशन, गरज पडल्यास खुब्याची शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत. त्यातला कोणता कोणासाठी, हे विचारल्याशिवाय ठरत नाही.

गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. पण सुरुवातीला एक वाक्य पुरते: ‘या आजारात पुष्कळांना नवरा-बायकोच्या संबंधांत अडचण येते, तुम्हाला येते का?’ पुढचे बोलणे वेगळ्या भेटीत होऊ शकते. दुसरा आक्षेप संकोचाचा. आई, सासू किंवा भाऊ सोबत बसलेले असताना कोणीच बोलणार नाही. म्हणून त्यांना दोन मिनिटे बाहेर बसायला सांगावे आणि स्त्रीरुग्णाला हवी असल्यास नर्सला थांबवावे. समाज तयार नाही, हे कारण तर महाराष्ट्राला शोभत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू करून हा विषय आरोग्याचा म्हणून मराठीत मांडला होता. तिसरा आक्षेप, वेदनेने बेजार झालेल्याला हे सुचणार कसे? काहींना खरोखरच सुचत नाही, आणि ‘नको’ म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण प्रश्नच आला नाही, तर ज्याला बोलायचे आहे तोही गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ जोडीदार नावड असा लावतो.

म्हणून संधिवाततज्ज्ञांनी आणि फिजिओथेरपिस्टनी हा प्रश्न नेहमीच्या तपासणीत घ्यावा. रुग्णांनीही पुढच्या भेटीच्या चिठ्ठीवर दुखण्याच्या खाली ही ओळ लिहावी आणि शक्य असेल तर जोडीदाराला सोबत न्यावे. सांगण्यात लाज वाटावी असे यात काही नाही आणि बहुतेक अडचणींवर इलाज आहे.