पुरवणी

दुसऱ्याची चूक पोटात घालावी, असे आपण म्हणतो. पोटात घातलेली चूक तिथे पुढे काय करते, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. मीही केला नव्हता.

सहामाहीचे पेपर वाटले त्या दिवशी माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी बीजगणिताचा पेपर घेऊन आली. "बाई, माझी पुरवणी तपासलीच नाही." खरेच, दोऱ्याने बांधलेल्या पुरवणीवर लाल शाईचा ठिपकादेखील नव्हता. पेपर तपासणारे सर माझ्याहून बारा वर्षांनी वडील. खडू कसा धरावा म्हणजे तो फळ्यावर किरकिरत नाही, हेसुद्धा मला त्यांनीच शिकवलेले. सेवानिवृत्तीला त्यांची दोन वर्षे उरली होती.

वर बोलावे तर सरांची अब्रू जाणार. गप्प बसावे तर पोरीचे गुण जाणार. मी आपली मधली वाट काढली. मी भाषा आणि इतिहास शिकवते, तरी नववीचे बीजगणित अजून येते, अशी माझी समजूत. पुरवणी मीच तपासली, सात गुण वाढवले आणि सरांना काही कळू दिले नाही. त्या रात्री झोप फार छान लागली. आपण किती मोठ्या मनाच्या, असे वाटण्यासारखे सुख नाही. फराळासारखे तेही पचायला जड, हे मागाहून कळते. वर्गात एक्केचाळीस मुले होती; विचारायचे धैर्य एकटीलाच झाले, हे तेव्हा मनात आले नाही.

पंधरा दिवसांनी इतिहासाच्या तासाला टिळक-आगरकर निघाले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे बिनसले. आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला, टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी. वर्तमानपत्रांतून एकमेकांवर बोचरे लिहिले. तरी १८९५ साली आगरकर गेले, तेव्हा मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात. मी मुलांना म्हणाले, "एवढे भांडले, पण एकाने दुसऱ्याला लहान समजले नाही." म्हणाले खरी, आणि जीभ अडखळली. सरांशी तर मी भांडलेही नव्हते. त्यांना परस्पर लहान करून मोकळी झाले होते.

मुलीकडून तो पेपर मागून घेतला आणि संध्याकाळी सरांच्या घरी गेले. दारातच ऐकू आले: वहिनी चाचपडत वाचीत होत्या, "क्ष... त्याच्या डोक्यावर दोन..." घटक चाचणीचे पेपर होते. सर डोळे मिटून ऐकत, गुण सांगत आणि चौथी शिकलेल्या वहिनी लाल शाईने ते मांडत. मागे दोऱ्याने जोडलेले पान त्या माउलीच्या लक्षातच येत नसे.

काचबिंदू होता. यात बहुधा कडेची नजर आधी जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधाने राखायची. नोकरी जाईल म्हणून सरांनी कोणाला सांगितले नव्हते. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला शासकीय किंवा अनुदानित संस्थेने काढून टाकायचे नसते. ते काम जमेनासे झाले तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यायचे असते. हे मला ठाऊक होते! एका शब्दाने विचारले असते तर त्यांना सांगता आले असते. पण मी माझ्या औदार्यात गुंतले होते.

पुरवणीचे सगळे सांगितले. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंधरा दिवस माझ्या शेजारी बसून डबा खाल्लात, बाई."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. त्यांची चूक त्यांना स्वतः निस्तरू न देणे, यालाच मी माया समजत होते.

वहिनींनी चहा ठेवला. सर म्हणाले, "सगळे गठ्ठे पुन्हा काढायला हवेत. उद्या मुख्याध्यापकांशी मी बोलेन, तुम्ही नुसत्या बरोबर या. आता तो पेपर वाचा."

मी पुरवणी वाचू लागले. तिसऱ्या गणिताला त्यांनी हात वर केला.

"थांबा. कंस सोडवताना तिने चिन्ह बदलले का?"

मी पाहिले. बदलले नव्हते.

"मग सात नाहीत, बाई. सहा."

वहिनींनी लाल पेन माझ्यापुढे सरकवले.