वाचलेला मेल आणि नोंदलेला मेल

सर्व्हरवर पडलेला मेल प्रोग्रॅमने उतरवून घेण्यासाठी जवळपास प्रत्येक संगणकभाषेत तयार लायब्ररी असते. पायथॉनमध्ये पॉपलिब आणि इमॅपलिब भाषेबरोबरच येतात. जावासाठी जावामेल, आताचे नाव जकार्ता मेल, आहे. कनेक्शन, लॉगिन, शोध आणि मजकूर ओढणे हे सारे दहा-बारा ओळींत उरकते. त्यामुळे हे काम सोपे समजले जाते, आणि आलेल्या मेलवर कोणाचे पैसे किंवा कोणाच्या गाड्या अडकलेल्या नसतील तोवर ते सोपेच असते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुससारख्या गावी मात्र गाड्या अडकतात. वर्धा नदीकाठच्या या गावाभोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, सिमेंटचा आणि स्पंज आयर्नचा कारखाना आहे, आणि या सगळ्यांच्या आधाराने चालणारी ट्रान्सपोर्टरांची ऑफिसे आहेत. डीओची (डिलिव्हरी ऑर्डरची) प्रत, काट्याच्या पावत्या, ई-वे बिल असे कागद अशा ऑफिसात पीडीएफ होऊन मेलने येऊ लागले, की कोणाला तरी वाटते, हे उतरवून घेण्याचे काम प्रोग्रॅमकडे द्यावे. लायब्ररी काय करते आणि काय करत नाही, हे खरे कळते ते तिथून पुढे.

मेल आणण्याचे पॉप आणि इमॅप हे दोन जुने मार्ग अजून चालू आहेत. पॉपचा पहिला आराखडा 1984 मध्ये आला. इमॅप मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रचले. पॉपच्या हिशेबात सर्व्हर हा फक्त मुक्काम आहे: मेल उतरवून घ्या, लाइन सोडा, नंतर निवांत वाचा. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा फोनच्या लाइनवर मिनिटे मोजत बसणाऱ्यांना हीच रीत परवडणारी होती. इमॅपमध्ये मूळ प्रत सर्व्हरवरच राहते आणि वाचला, उत्तर दिले, पुसायचा आहे अशा खुणाही तिथेच राहतात. एकच पेटी ऑफिसातला संगणक, मालकाचा मोबाइल आणि रात्री चालणारा प्रोग्रॅम असे तिघे उघडू शकतात. सोय मोठी आहे, आणि घोळ होतो तोही इथेच.

नवशिका प्रोग्रॅम सहसा न वाचलेले मेल मागतो, त्यांतले पीडीएफ बाजूला काढतो आणि थांबतो. पहिले काही दिवस सगळे ठीक चालते. मग एखाद्या सकाळी कारकून चहा पिता पिता मोबाइलवर डीओचा मेल उघडून बघतो. सर्व्हरवर ‘वाचला’ अशी खूण पडते, प्रोग्रॅमच्या शोधात तो मेल येतच नाही, आणि त्याचा कागद कुठेच चढत नाही. उलटही घडते. प्रोग्रॅमने मेलचा पूर्ण मजकूर नेहमीच्या रीतीने मागितला, की खूण तोच लावतो. पुढे पीडीएफ साठवताना डिस्क भरली किंवा वीज गेली, तरी मेल वाचलेलाच दिसतो. खूण न पडता मजकूर द्यावा अशी वेगळी मागणी इमॅपमध्ये आहे, फोल्डर केवळ वाचण्यापुरता उघडण्याचीही सोय आहे. पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

मुळात ‘वाचला’ ही खूण माणसासाठी आहे. काम झाले की नाही, हे तिच्यावरून ठरवणे ही लायब्ररीची नव्हे, विचाराची चूक. सरकारी कचेरीतला आवक कारकून पाकीट फुटलेले आहे की नाही यावर विसंबत नाही. तो नोंदवहीत क्रमांक घालतो. प्रोग्रॅमलाही तशी स्वतःची नोंदवही लागते आणि तिच्यासाठीचा क्रमांक इमॅप देते. फोल्डरमधला अनुक्रमांक इथे चालत नाही, कारण मधला एक मेल काढला की पुढचे सगळे एकेक घर वर सरकतात. प्रत्येक मेलला मिळणारा यूआयडी कायम राहतो, तोही फोल्डरची वैधता-संख्या बदललेली नसेल तोवर. मेल एका कंपनीच्या सर्व्हरवरून दुसरीकडे हलवले की ही संख्या बदलते आणि जुने सगळे यूआयडी बाद होतात. म्हणून नोंद फोल्डर, वैधता-संख्या आणि यूआयडी अशी तिहेरी हवी. ती कागद जागेवर पडल्यानंतरच करायची.

लाइन तुटणे हा चंद्रपूर-गडचिरोलीकडे अपवाद मानता येत नाही. या बाबतीत पॉपची रचना फार शहाणी आहे. पुसण्याची कमांड दिली तरी सर्व्हर लगेच पुसत नाही, मनाशी नोंद ठेवतो; प्रोग्रॅमने रीतसर निरोप घेतला तरच पुसतो. मध्येच कनेक्शन गेले तर सगळे मेल जिथल्या तिथे. फार तर तेच मेल पुन्हा उतरतील. दुबार आलेली पावती नोंदवहीवरून ओळखता येते, हरवलेली ओळखता येत नाही. इमॅपमध्ये नवा मेल येताच कळवा असे सांगून ताटकळत राहण्याची सोय आहे. पण गप्प राहिलेले कनेक्शन सर्व्हर तोडू शकतो, म्हणून 29 मिनिटांच्या आत ती विनंती पुन्हा करावी, असे नियमातच लिहिले आहे.

हाती येतो तोही वाचण्याजोगा मजकूर नसतो. मेलची वहिवाट इंग्रजी अक्षरांची, म्हणून बाकीचे सगळे 1992 मध्ये आलेल्या माइमच्या नियमांनी गुंडाळून पाठवतात. बेस64 या गुंडाळणीत तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे पीडीएफ एक-तृतीयांशाने फुगतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नेमके तीन बाइटांचे असल्याने विषयाच्या ओळीतला ‘घुग्घुस’ हा शब्द, काना-मात्रेसारखी चिन्हे धरून सात चिन्हांचा, 28 रोमन अक्षरांचा होतो. त्यातली प्रत्येक चौकडी चार हा आकडा आणि ‘के’ या अक्षराने सुरू होते. मधे जागा सोडली नसेल तर मराठी विषय नुसत्या नजरेनेही ओळखू येतो. उलगडण्याचे काम लायब्ररी करते, पण बहुधा वेगळी आज्ञा दिल्यावर. फोल्डरला मराठी नाव दिले असेल तर जुन्या इमॅपमध्ये ते आणखी निराळ्या लिपीत येते आणि इमॅपलिब ते उलगडतही नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेले पत्र आले, तर मेल बिनचूक उतरूनही मजकूर अगम्यच राहतो. तो दोष मेलचा नाही.

लॉगिनचा भाग अलीकडे बदलला. नुसते नाव-पासवर्ड देऊन प्रोग्रॅम आत घेण्याची पद्धत गूगलने 30 मे 2022 पासून व्यक्तिगत खात्यांसाठी बंद केली. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून एक्स्चेंज ऑनलाइनवर तसेच करायला घेतले. आता खातेदाराने दिलेले परवानगीचे टोकन लागते, किंवा गूगलच्या बाबतीत त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड. जुन्या पुस्तकांतली उदाहरणे इथेच अडतात.

राहता राहिले पुसणे. इमॅपमध्ये आधी खूण करायची आणि मग एक्स्पंज ही कमांड द्यायची; पण ती फोल्डरमधले खूण केलेले सगळेच मेल काढते, मोबाइलवरून दुसऱ्याने खूण केलेलेही. ठरावीक यूआयडीपुरती एक्स्पंज ही वाढीव सोय जिथे आहे तिथे तीच वापरावी. निरुपद्रवी वाटणारी क्लोज ही कमांडही फोल्डर मिटताना खूण केलेले मेल गुपचूप काढते. फोल्डर केवळ वाचण्यापुरता उघडला असेल, तर मात्र काढत नाही.