वास्तू कोणाची?

वर्गात अल्हमराचे चित्र दाखवले की मुले हमखास म्हणतात, “सर, ये अपना महल है!” ‘अपना’ या शब्दापाशी आम्ही अडखळतो.

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिराला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने, मुलीची दृष्टी परत आली म्हणून ते बांधून दिले, असे इथले भाविकच सांगतात. मग ते आमचे का? पुरात कृष्णा पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करणारा असे काही विचारत नाही.

आता उलटे पाहा. सेव्हिलच्या अल्काझारमधला महाल १३६४ च्या सुमारास ख्रिस्ती राजा पेद्रोने उभारला. कारागिरी मुस्लिमांची. दर्शनी भागावर अरबी अक्षरे : अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही. हेच ब्रीद अल्हमराच्या भिंतींवर आहे. १४९२ मध्ये ग्रानाडाचा सुलतान हरला, अक्षरे राहिली. पण मुस्लिमांच्या बाप्तिस्मा घेतलेल्या वंशजांनाही १६०९ पासून देशाबाहेर काढले. नक्षी जपली, नक्षीकारांची लेकरे हाकलली! महालाच्या कौतुकात हे कोणी सांगत नाही.

यंदा सहल वाडीलाच नेली. देवळापाशी एकाने हळूच विचारले, “सर, अंदर जा सकते?”

आम्ही आधी चपला काढल्या.