सिस्टरांची वही

बदलापूरच्या कात्रपमधून पहाटे स्टेशनकडे सुटणाऱ्या शेअर रिक्षांत कंपन्यांतले फर्स्ट शिफ्टवाले असतात, आणि परळ, भायखळा, शीवच्या मोठ्या हॉस्पिटलांत मॉर्निंग ड्युटी असलेल्या सिस्टर असतात. संध्याकाळी उलटी भरती येते. वांगणी-नेरळकडून, कधी अंबरनाथ-उल्हासनगरकडून मुली कात्रपच्या गल्ल्यांतल्या वीस-पंचवीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये नाइटला येतात. पहिल्यांची नोकरी पक्की आणि पगार सरकारी. दुसऱ्यांचं सगळंच मालक डॉक्टरांच्या मर्जीवर. काम मात्र एकच. दोघींचं कौतुक करायची आपली रीतही एकच: किती मायेने करतात हो सगळं!

या कौतुकाबद्दल मला शंका आहे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत आपल्याकडे नर्सिंगचा व्यवसाय कसा उभा राहिला ते पाहिलं की त्याच्या पायाशी दोन वेगळ्या कल्पना दिसतात. रुग्णावर शिकलेल्या नजरेने लक्ष ठेवायचं आणि पाळी संपली की ते लक्ष दुसरीच्या हाती नीट सोपवायचं, ही एक. दुसरी त्यागाची. पहिलीने व्यवसाय घडवला, दुसरीने त्याला अब्रू मिळवून दिली. आपण दुसरीलाच सगळं समजून बसलो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली बाई डोळ्यांसमोर येते. हे चित्र क्रिमियाच्या युद्धाच्या काळात लंडनच्या वर्तमानपत्रांनी लोकप्रिय केलं. स्वतः बाई आकड्यांच्या माणूस होत्या. १८५९ साली त्यांनी नर्सिंगवर जे छोटं पुस्तक लिहिलं त्यात मायेवर प्रकरण नाही. हवा, उजेड, आवाज, अंथरूण, अन्न यांवर आहे. एक प्रकरण निव्वळ निरीक्षणावर आहे. रुग्णाला रात्री झोप बरी लागली का, असं विचारू नका. किती वाजता लागली, किती वेळा मोडली ते विचारा, असा त्यांचा आग्रह. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते किरकोळ कारभारावरचं प्रकरण. तुम्ही हजर असताना जे होतं ते तुम्ही नसतानाही व्हायला हवं, त्याची तजवीज कशी करायची, एवढाच त्याचा विषय. व्यवसायाची सुरुवात इथे होते. आई आजारी मुलाजवळ रात्रभर बसते, पण ती उठून गेली तर तिच्या डोक्यातलं सगळं तिच्याबरोबर जातं. नर्सच्या डोक्यातलं मागे राहायला हवं. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांची शाळा सुरू झाली.

आपल्याकडे अडचण निराळी होती. घरात आजारी माणसाचं करणं हे घरच्या बाईचंच काम, त्याला शिक्षण कशाला, हा एक भाग. त्याहून कठीण होता विटाळ. बाळंतपणाचं रक्त, मलमूत्र, परक्या जातीचं अंग, परका पुरुष. सुईण हवी असायची, पण काम झालं की तिला ओटीवर कुणी बसवत नसे. शरीराची सेवा ज्या समाजात खालच्या पायरीवर, तिथे तिचा सन्मानाचा पेशा व्हायचा तर आधी स्पर्शाचा प्रश्न सुटायला हवा होता.

तो सोडवण्याची धमक पहिल्यांदा फुल्यांच्या घरात दिसते. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं होत. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरच्या माळावर रुग्णांचं करत होते. मुंढव्याहून एका आजारी मुलाला उचलून आणताना बाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ साली; त्यामुळे लागण नेमकी कशी होते हे बाईंना कळायला मार्गच नव्हता. त्यांचं धैर्य वादातीत आहे. पण आपण त्या प्रसंगातून मरण तेवढं लक्षात ठेवलं. शिकलेल्या नर्सचा पहिला धडा तर उद्याही कामावर उभं राहता येईल असं आज वागण्याचा असतो.

तसा धडा मुंबईत शिकवायला सुरुवात झाली होती. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं आणि तिथे डॉ. एडिथ पीची यांनी नर्सचं प्रशिक्षण सुरू केलं. मिरजेला डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं. सुरुवातीच्या नर्स बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती, पारशी. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली मुंबईत शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं, तेही एका ओळीत. पुढे काय झालं त्यांचं, हे पुस्तक सांगत नाही. बदलापूरहून चार स्टेशनांवर कल्याण. तिथे वाढलेल्या डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. असू दे, ते असायलाच हवं. काशीबाईंचं मात्र मी डॉक्टरांच्या घरातही कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मग येतं सेवासदन, आणि इथे दोन्ही कल्पनांची गाठ पडते. १९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी ही संस्था काढली. याच गिडूमलांनी मलबारींचं चरित्र १८९२ मध्ये लिहिलं होतं आणि त्याला प्रस्तावना होती नाइटिंगेलबाईंची. बाई भारतात कधीच आल्या नाहीत, पण पत्रांमधून त्या इथे पुरेशा वावरत होत्या. सेवासदनाच्या पहिल्या अध्यक्ष रमाबाई रानडे. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात काम उभं केलं आणि तिथल्या बायकांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. त्यांत विधवा होत्या, ब्राह्मण घरांतल्याही. परक्या पुरुषाचं अंग पुसायला न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीने बायका पाठवाव्यात, हे पचवणं त्या पुण्याला किती जड गेलं असेल याची कल्पना करता येते.

रमाबाईंनी यावर जी ढाल धरली ती सेवेची. ही नोकरी नाही, पुण्यकर्म आहे. विधवेचं आयुष्य तसंही व्रतस्थ. मग ते आजाऱ्यांच्या सेवेत गेलं तर वाईट काय? मला ही चाल फार हुशार वाटते. दुसऱ्या कुठल्याही भाषेत तो दरवाजा उघडला नसता. शिक्षण, वसतिगृह आणि स्वतःची कमाई, हे सगळं त्या ढालीआडून बायकांच्या पदरात पडलं. पण ढालीची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. पुण्यकर्म करणारीने पगार वाढवून मागायचा नसतो. तिला थकवा येत नसतो. ती संपावर गेली तर आजही लोकांना डॉक्टरांच्या संपापेक्षा जास्त धक्का बसतो.

कायद्याने आपलं काम हळूहळू केलं. मुंबई प्रांतात १९३५ साली नोंदणीचा कायदा झाला, १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला, १९६६ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा सबंध ब्रिटिश भारतात नर्स होत्या सुमारे ७,०००. म्हणजे साधारण ४३,००० माणसांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला पदवीचं शिक्षण सुरू झालं. नंतर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया हेंडरसन यांनी नर्सच्या कामाची जी मांडणी केली ती आजही नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा करणाऱ्या प्रत्येक मुलीला पाठ करावी लागते. माणसाला ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर त्याने स्वतःचं जे स्वतःच केलं असतं ते नर्सने करायचं, आणि तिची गरज लवकर संपेल अशा बेताने करायचं. अशा चौदा गरजा त्यांनी मोजल्या. पाठ सगळ्यांनाच होतं. वॉर्डात ते कसं दिसतं हे बघायला थांबावं लागतं.

कात्रपमधल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये माझे मामेसासरे न्यूमोनियासाठी दाखल होते. रात्री आठला हँडओव्हर चाललेला. दिवसपाळीची सिस्टर वही पुढे करून भराभर सांगत होती, "चार नंबर, आजोबा. ताप उतरलाय. सलाईन स्लो केलंय. दुपारनंतर लघवी दोनशेच झालीय, सरांना सांगितलंय, तू परत मोज. आणि सकाळी गप्पा मारत होते, आता नुसतं हो-नाही करतायत." शेवटचं वाक्य आम्ही घरच्यांनीही ऐकलं आणि सोडून दिलं, दमले असतील. नाइटची मुलगी बाविशीची असेल नसेल. तिने पलंगाशी येऊन विचारलं, "आजोबा, आज वार कुठला?" त्यांनी वार चुकीचा सांगितला. मग तिने विचारलं, आपण कुठे आहोत? त्यांनी डोंबिवली म्हटलं. तिने कपाळावर हात ठेवला नाही की धीर दिला नाही. सरळ डॉक्टरांना फोन लावला. रक्त तपासलं तेव्हा सोडियम बरंच खाली गेलेलं निघालं.

घरी जाताना मामींनी त्या मुलीचा हात धरून सांगितलं, "पोरीसारखी केलीस गं बाई." ती लाजून हसली. तिने केलं होतं ते कुठल्याच पोरीला जमलं नसतं. आमच्या घरातल्या दोन पोरी तिथेच उभ्या होत्या. सकाळचं बोलणं आणि रात्रीचं बोलणं यांतला फरक पकडायचा तर सकाळचं कुणीतरी टिपून ठेवलेलं असावं लागतं. हा फरक औषध शोधत नाही, पण वेळ वाचवतो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत वेळ म्हणजेच सगळं.

मायेचा आणि कसबाचा हा घोटाळा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्या वाचल्या, पण पुन्हा कधी माणसांत आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली एक्केचाळीस-बेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सनी त्यांना वॉर्डालगतच्या खोलीत सांभाळलं. आधी सांभाळणाऱ्या निवृत्त झाल्या, नंतर आलेल्यांनी त्यांना पूर्वी कधी चालता-बोलताना पाहिलंही नव्हतं. २०११ च्या निकालात न्यायालयाने या नर्सची मुक्तकंठाने स्तुती केली आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क दयामरणाची याचिका करणाऱ्या पिंकी विराणी यांचा नाही, या कर्मचाऱ्यांचा आहे असं मानलं. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोर नव्हता, ही गोष्ट तेव्हा साऱ्या देशाने नवलाने वाचली.

बेडसोर प्रेमाने टळत नाही. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना हे सांगायला नको. कूस बदलावी लागते, वेळेवर. माकडहाड, टाचा, खुबे रोज उघडून बघावे लागतात. कातडी कोरडी ठेवावी लागते, चादरीला सुरकुती चालत नाही, अंगात प्रथिनं जायला हवीत. जिवापाड प्रेम करणाऱ्या घरांतही पंधरवड्यात जखमा होतात. केईएमच्या सिस्टरनी प्रेम केलंच असेल, नाकारतंय कोण? पण बेचाळीस वर्षं टिकली ती एकीने दुसरीला दिलेली वही. न्यायालयाने हक्क दिला तो जिव्हाळ्याच्या आधारावर. त्या बाईच्या शरीराबद्दल सगळ्यात जास्त माहिती कुणाला, या आधारावर दिला असता तर व्यवसायाला जास्त शोभलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

आता पैशाचं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये सांगितलं म्हणून केंद्राने समिती नेमली, आणि तिने खाजगी दवाखान्यांतल्या नर्सच्या पगाराची शिफारस केली. दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. पन्नासपेक्षा कमी असतील तर महिना किमान २०,००० रुपये. कात्रपची जवळपास सगळी नर्सिंग होम या शेवटच्या पायरीवरची. २०२३ मध्ये जुन्या कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा नवा कायदाही आला. शिफारस मात्र शिफारसच आहे. अंमल राज्यांनी करायचा आहे.

मालक डॉक्टर म्हणतात, परवडत नाही. त्यांचं म्हणणं एकदम उडवून लावू नये, हिशेब करून बघावा. साध्या हॉस्पिटलच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स, असं कौन्सिलचं प्रमाण. ते दर पाळीला धरलं तर वीस खाटांना एका पाळीला चार, तीन पाळ्यांना बारा, रजा-सुट्ट्यांसाठी तीस टक्के धरले की सोळा. वीस हजाराने महिन्याला ३,२०,००० रुपये. सगळ्या खाटा भरलेल्या असतील तर दर खाटेमागे दिवसाला ५३३ रुपये पडतात. खाटा रिकाम्या राहिल्या तर जास्त. आम्ही मामेसासऱ्यांचं बिल घेतलं तेव्हा त्यावर डॉक्टरांच्या व्हिजिट, बेडचं भाडं, तपासण्या यांच्याबरोबर नर्सिंग चार्जेसची वेगळी ओळ होती, दर दिवसाचा आकडा घालून. तो आकडा ५३३ पेक्षा जास्त होता.