शंभरावे मेंढरू व शाळेचा पट

खेड्यातील सरकारी शाळा पट घटल्यामुळे बंद पडण्याच्या बेतात असली, तर गाव सोडून गेलेल्या मुलांची नावे पटावर तशीच ठेवून ती वाचवावी काय? हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. शिक्षकांच्या जागा पटावरून ठरतात. पट घटला म्हणजे शिक्षक जातो, आणि शिक्षक गेला म्हणजे उरलेली मुलेही जातात. ज्यांस खाजगी शाळेची फी झेपत नाही, त्यांच्या मुली प्रथम घरी बसतात. तेव्हा "खोट्या नावाने कोणाचे काय जाते?" असे विचारणारा दुष्टच असतो, असे आम्ही म्हणत नाही.

तरी त्या नावाने पुष्कळ जाते. सन २०११ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने राज्यभर पटपडताळणी केली, तेव्हा पटावरील लक्षावधी मुले वर्गात आढळली नाहीत. खोटे नाव कोणते व हरवलेले लेकरू कोणते, हे पट स्वतः सांगू शकत नाही. ऊसतोडीस आईबापांबरोबर गेलेला मुलगा पटावर "हजर" असेल, तर त्याच्या शोधास कोण निघेल?

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील मेंढपाळ पाहा. एक मेंढरू हरवले, हे त्यास कळले ते मोजणी खरी होती म्हणूनच. शंभर हा आकडा लिहून तो स्वस्थ निजला असता, तर ते मेंढरू रानातच राहिले असते. मंडळीच्या सभासदांची यादी लिहिताना आम्ही पाळकांनीही हे ध्यानात ठेवावे.

पण खरे लिहूनही शाळा बंद पडली तर? तसे होऊ शकेल, हे आम्ही लपवीत नाही. तथापि लहान पट ही लाज नव्हे. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास मुलींची शाळा काढिली, तेव्हा मुली मूठभरच होत्या. पण त्या खरोखर बसलेल्या होत्या. शिवाय २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो हक्क मागावयाचा तर खरी यादीच हाती पाहिजे.

म्हणून, बंधूंनो, उपासनेनंतर पट हाती घेऊन घरोघर जा. जे नाव रिकामे आढळेल त्यापुढे खूण करा, आणि त्या लेकरास आणावयास निघा.