सरकारी शाळेतील प्रार्थना आणि श्रद्धावंतांचा विरोध

अमेरिकेतील सरकारी शाळांमध्ये धर्म आणि शासन यांची फारकत असावी, या मागणीत श्रद्धावंत माणसे पहिल्यापासून आघाडीवर राहिली आहेत. बॅप्टिस्ट, कॅथलिक, ज्यू, युनिटेरियन, यहोवाचे साक्षीदार आणि अलीकडे हिंदू कुटुंबे अशा निरनिराळ्या लोकांनी ती वेळोवेळी केली, आणि ती आपल्या श्रद्धेच्या रक्षणासाठी केली. प्रार्थना हा माणूस आणि ईश्वर यांच्यातला व्यवहार आहे. शासनाने त्याचे शब्द ठरवू नयेत आणि त्याची वेळही ठरवू नये, हा या मागणीचा गाभा. शाळेच्या बाबतीत तिला विशेष धार येते. देवळात किंवा चर्चमध्ये माणूस आपल्या इच्छेने जातो. शाळेत मूल कायद्याच्या सक्तीने जाते, आणि समोर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या शब्दामागे शासनाचा अधिकार असतो.

या विचाराची मुळे अठराव्या शतकातील व्हर्जिनियात आहेत. तिथे अँग्लिकन चर्चला राजमान्यता होती आणि परवान्याशिवाय प्रवचन केले म्हणून बॅप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकले जात असे. १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या वेतनासाठी कर बसवण्याचे विधेयक आणले. त्याचा लाभ बॅप्टिस्टांनाही मिळू शकला असता, तरी त्यांनी कडाडून विरोध केला. सरकारी पैशावर पोसलेला धर्म सरकारचा मिंधा होतो, हे त्यांनी भोगलेले होते. १७८५ मध्ये जेम्स मॅडिसन यांनी या विधेयकाविरुद्ध लिहिलेल्या निवेदनात मुद्दा मांडला की, जी सत्ता आज सर्व धर्मांतून ख्रिस्ती धर्म निवडू शकते, ती उद्या ख्रिस्ती पंथांतून एकच पंथ निवडू शकेल. विधेयक बारगळले आणि १७८६ मध्ये व्हर्जिनियाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. शासनाने धर्म प्रस्थापित करू नये आणि धर्माचरणात अडथळाही आणू नये, असे दुहेरी बंधन घालणारी पहिली घटनादुरुस्ती १७९१ मध्ये आली. १८०२ मध्ये थॉमस जेफरसन यांनी धर्म आणि शासन यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख ज्या पत्रात केला, तेही कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेले उत्तर होते. त्या राज्यात दुसऱ्याच पंथाचे चर्च राजमान्य होते.

एकोणिसाव्या शतकात मोफत सार्वजनिक शाळा पसरल्या, तेव्हा हा प्रश्न वर्गात आला. शिक्षकाने काहीही भाष्य न करता बायबल वाचून दाखवले की सर्व पंथांना समान न्याय मिळतो, असा तेव्हाच्या शिक्षणधुरीणांचा समज होता. पण वाचले जाई ते किंग जेम्स बायबल, म्हणजे प्रॉटेस्टंटांना मान्य असलेले भाषांतर. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांना ते मान्य नव्हते. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात शाळेतील बायबलच्या वादातून दंगली पेटल्या, माणसे मेली आणि कॅथलिक चर्चे जाळली गेली. १८५९ मध्ये बॉस्टनच्या एलियट शाळेत टॉमस व्हॉल या कॅथलिक मुलाने दहा आज्ञांचा प्रॉटेस्टंट पाठ म्हणायला नकार दिला. शिक्षकाने त्याच्या हातांवर वेताच्या छड्या ओढल्या आणि तो कबूल होईपर्यंत सुमारे अर्धा तास मारले. त्यानंतर शेकडो मुलांनी तो पाठ म्हणायचे नाकारले. मारणारा आणि मार खाणारा, दोघेही ख्रिस्ती होते. ‘सर्वसामान्य’ म्हणून शाळेत आणलेला धर्म नेहमी कुणातरी विशिष्ट गटाचा असतो, हे या प्रसंगाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या शाळामंडळाने बायबलवाचन बंद केले, तेव्हा तिथल्या रब्बींनी त्या निर्णयाला पाठिंबा दिला, आणि १८७२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

विसाव्या शतकात हा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. ध्वजवंदन हा मूर्तिपूजेचाच प्रकार आहे अशी श्रद्धा असलेल्या यहोवाच्या साक्षीदारांच्या मुलांना शाळांतून काढून टाकले जात होते. १९४३ मध्ये न्यायालयाने ही सक्ती रद्द केली. १९६२ चा खटला न्यूयॉर्कच्या राज्य शिक्षणमंडळाने रचलेल्या बावीस शब्दांच्या प्रार्थनेचा होता. कोणत्याही पंथाला खटकू नये, इतकी ती मोघम होती. तिला आव्हान देणाऱ्या पालकांत ज्यू होते, युनिटेरियन होते, तसेच देव न मानणारेही होते. सरकारी प्रार्थना रचणे हे शासनाचे काम नव्हे, असा निकाल न्यायालयाने दिला.

पुढच्याच वर्षीच्या निकालामागे एका विद्यार्थ्याचा शांत निषेध होता. पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे रोज सकाळी शाळेत बायबलमधील किमान दहा वचने वाचली जात आणि त्यानंतर ‘प्रभूची प्रार्थना’ म्हटली जाई. २६ नोव्हेंबर १९५६ रोजी ॲबिंग्टनच्या शाळेत एलरी शेम्प या युनिटेरियन मुलाने त्या वेळी कुराणाची प्रत उघडली आणि तो ती मनातल्या मनात वाचत बसला. त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवण्यात आले. त्याच्या कुटुंबाने लढवलेल्या खटल्यात १९६३ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेतील धार्मिक वाचनविधी घटनाबाह्य ठरवला. त्याच निकालात हेही म्हटले होते की, धर्मांचा तौलनिक अभ्यास आणि साहित्य किंवा इतिहास म्हणून बायबलचा अभ्यास शाळेत करायला हरकत नाही.

या दोन निकालांनी देशात संतापाची लाट उसळली. शाळेत प्रार्थना परत आणण्यासाठी न्यूयॉर्कचे काँग्रेससदस्य फ्रँक बेकर यांनी घटनादुरुस्ती मांडली आणि तिला लोकांचा मोठा पाठिंबा होता. १९६४ मध्ये संसदीय समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा प्रॉटेस्टंट चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेपासून बॅप्टिस्ट आणि ज्यू संघटनांपर्यंत अनेकांनी दुरुस्तीला विरोध केला. प्रार्थनेच्या विरोधात प्रार्थना करणारेच उभे राहिलेले पाहून बऱ्याच सदस्यांचे मत बदलले. ती दुरुस्ती समितीबाहेर पडू शकली नाही. पुढे १९६६, १९८४ आणि १९९८ मध्ये तसे प्रयत्न पुन्हा झाले, पण दोनतृतीयांश मते कधीच जमली नाहीत. आंतरधर्मीय सहकार्याचे याहून मोठे यश या इतिहासात दुसरे नाही.

या मंडळींच्या युक्तिवादात तीन धागे दिसतात. पहिला धागा विवेकाचा. बॅप्टिस्ट परंपरेत श्रद्धा ही प्रत्येकाने स्वतः, समजून-उमजून स्वीकारायची असते. सक्तीने उच्चारलेले नाव ईश्वरापर्यंत पोहोचत नाही, असे ती परंपरा मानते. दुसरा धागा धर्माच्या सत्त्वाचा. सर्वांना चालेल अशी प्रार्थना रचायची तर तिच्यातून प्रत्येक धर्माचे वेगळेपण काढून टाकावे लागते, आणि उरते ती कुणाचीच प्रार्थना नसते. तिसरा धागा समतेचा. ‘नको असेल त्या मुलाने वर्गाबाहेर जावे’ ही सवलत कागदावर उदार दिसते. प्रत्यक्षात सात-आठ वर्षांच्या मुलाला रोज सगळ्यांसमोर उठून आपण परके आहोत हे जाहीर करावे लागते.

या तिसऱ्या धाग्याचे अगदी ताजे उदाहरण टेक्सासमध्ये आहे. २०२५ च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात किमान १६ इंच रुंद आणि २० इंच उंच आकारात दहा आज्ञा लावण्याची तरतूद केली. त्यांचा पाठही कायद्यातच नेमून दिला आहे, आणि ज्यू व कॅथलिक परंपरांमधील मांडणी त्याहून वेगळी आहे. त्या आज्ञांत एकाच देवाला मानावे आणि मूर्ती घडवू नये असे सांगितले आहे. घरी देवघरात गणपतीपुढे हात जोडून शाळेत आलेल्या मुलाला ही शिकवण राज्याच्या आदेशाने रोज भिंतीवर दिसणार. म्हणून या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या कुटुंबांत एका रब्बींच्या कुटुंबासोबत ख्रिस्ती, युनिटेरियन, हिंदू आणि कोणताही धर्म न मानणारी कुटुंबे होती. ऑगस्ट २०२५ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी त्या खटल्यातील शाळांपुरती मनाई केली आणि वाद अपिलात गेला. २०२४ च्या लुइझियानातील तशाच कायद्यालाही बहुधर्मीय कुटुंबांनी आव्हान दिले.

अभ्यासक्रमाच्या प्रश्नावरही असेच चित्र दिसते. विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतिवादाइतकेच स्थान बायबलमधील सृष्टिनिर्मितीच्या कथेवर बेतलेल्या ‘सृष्टिविज्ञाना’ला देणारा कायदा १९८१ मध्ये आर्कान्सासने केला. त्याविरुद्धच्या खटल्यात पहिले नाव एका प्रॉटेस्टंट पाळकाचे होते, आणि त्यांच्यासोबत मेथडिस्ट, एपिस्कोपल, कॅथलिक अशा चर्चांचे धर्मगुरू आणि ज्यू संघटना होत्या. जानेवारी १९८२ मध्ये तो कायदा रद्द झाला.

फारकत म्हणजे शाळेतून धर्म हद्दपार करणे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो गांभीर्याने घ्यायला हवा, कारण काही मुख्याध्यापकांनी भीतीपोटी विद्यार्थ्यांच्या खासगी धर्माचरणावरही बंधने घातली. म्हणूनच १९९५ मध्ये धार्मिक आणि नागरी हक्क संघटनांनी एकत्र येऊन प्रचलित कायद्याचे संयुक्त निवेदन काढले. त्यानुसार विद्यार्थी एकटा किंवा मित्रांसोबत प्रार्थना करू शकतो, डबा खाण्याआधी देवाचे नाव घेऊ शकतो, आणि इतर मंडळे भरत असतील तिथे शाळा सुटल्यावर धार्मिक मंडळही भरवू शकतो. बंधन शासनावर आहे, मुलावर नाही. धर्माचे शिक्षण आणि धर्माविषयीचे शिक्षण हा भेद भारतीय वाचकालाही परिचित आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही.

या चळवळीच्या इतिहासात डागही आहेत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या एका फारकतवादी संघटनेच्या नावातच आधी ‘प्रॉटेस्टंट’ हा शब्द होता, आणि सुरुवातीच्या तिच्या प्रचारात कॅथलिकांविषयीचा आकस स्पष्ट दिसे. पुढे तिने आपले नाव व्यापक केले, आणि २०१८ मध्ये एक ज्यू महिला तिच्या प्रमुख झाल्या.

गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाचा कल बदलला आहे. सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या सरकारी शाळेतील प्रशिक्षकाच्या बाजूने २०२२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. ती त्याची खासगी प्रार्थना होती, असे बहुमताने मानले. संघातील मुलांवर तिचे दडपण येते, हे अल्पमताचे म्हणणे होते. २०२३ मध्ये टेक्सासने शाळांमध्ये धर्मोपदेशक नेमण्यास मुभा दिली, तेव्हा त्याच राज्यातील शंभरहून अधिक धर्मोपदेशकांनी शाळामंडळांना पत्र लिहून ही योजना नाकारण्याची विनंती केली. रुग्णालयात किंवा सैन्यात हे काम करणाऱ्यांना त्यासाठी लागणारे प्रशिक्षण माहीत होते, आणि शाळेतील मुलांपुढे आपल्या पदाचे वजन किती पडते याचीही त्यांना जाण होती. कायदा पुढे कोणत्याही दिशेने गेला, तरी शासनाने धर्माचे काम अंगावर घेऊ नये हे सांगण्याचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी धर्म मानणाऱ्यांचीच आहे, कारण त्यात सर्वाधिक गमावण्यासारखे त्यांच्याकडेच आहे.